जनूचा ठिपका

आमच्या सोसायटीत डेंग्यू आला तेव्हा सर्वांत आधी जो प्रश्न उभा राहिला, तो आलेखाचा. म्हणजे ताप होता, अंगावर पुरळ होतं, डी विंगमधले काही जण उल्हासनगरच्या हॉस्पिटलात दाखलही झाले होते. पण या झाल्या ज्याच्या त्याच्या घरगुती बाबी. सोसायटी म्हणून आपण जगासमोर काय ठेवणार, हा खरा सार्वजनिक प्रश्न होता, आणि सार्वजनिक प्रश्नाला उपसमिती लागते. तशी 'अहवाल सादरीकरण उपसमिती' नेमली गेली आणि तिचं अध्यक्षपद एकमताने माझ्याकडे आलं. मी चिंतामणी गुप्ते. अंबरनाथच्या एका केमिकल कारखान्यात मी सगळी नोकरी गुणवत्ता विभागात काढली. माल कधी चांगला निघाला, कधी वाईट निघाला, पण माझ्या कारकिर्दीत आलेख एकदाही बिघडला नाही.

चिखलोलीला नवं स्टेशन येणार, येणार म्हणून ज्या इमारती उभ्या राहिल्या, त्यांतली आमची श्रीफल रेसिडेन्सी. ए, बी आणि सी विंगमध्ये आमच्यासारखी नोकरदार मंडळी राहतात. डी विंगमध्ये ज्यांची इथे भातशेती होती ती कुटुंबं राहतात. जमिनीच्या बदल्यात बिल्डरने त्यांना फ्लॅट दिले. डी विंगच्या पायथ्याशीच एक भला मोठा खड्डा आहे. माहितीपुस्तिकेत या पोहण्याच्या तलावाला 'इन्फिनिटी पूल' म्हटलं आहे आणि कडेला आरामखुर्चीत एक गोरी बाई दाखवली आहे. बाई अजून आलेली नाही, पण पाणी आलं आहे. पावसाळ्यापासून ते तिथेच हिरवंगार होऊन पडलं होतं आणि पुलाचा जो काही वापर चालू होता, तो डासच करत होते.

बिल्डरचा माणूस कल्पेश याबाबतीत अतिशय सहकार्याने वागला, हे मी आधीच नमूद करतो.

"सर, पूल फेज टूमध्ये आहे," तो म्हणाला. "पाणी काढायचं तर मला वरून परमिशन लागते. तुम्ही लॅबचा रिपोर्ट द्या ना. चार्टमध्ये दिसलं, की लफडा पुलामुळे आहे, तर दुसऱ्या दिवशी पंप लावतो. आपल्याकडून शब्द."

म्हणजे खड्ड्यातलं पाणी उपसायचं की नाही, हे आता आमच्या आलेखावर ठरणार होतं. जबाबदारी मोठी होती. मी चष्मा पुसून कामाला लागलो.

क्लबहाउसमध्ये सगळ्यांचं रक्त घेतलं गेलं आणि ते 'रक्तदर्पण लॅब'कडे गेलं. लॅबतर्फे प्राची नावाची मुलगी समितीला भेटायला आली. गोड मुलगी. तिने टेस्ट समजावून सांगितली.

"सर, याला एलायझा म्हणतात. एका प्लेटमध्ये छोटे छोटे खळगे असतात, त्यात रक्ताचा सीरम घालायचा. डेंग्यू असेल तर तो पिवळा पडतो. जेवढा पिवळा गडद, तेवढा आकडा मोठा. अकराच्या वर गेला की पॉझिटिव्ह."

"आणि आलेख?" मी विचारलं.

"तो तुमचा चॉइस, सर. सिल्व्हर पॅकेजमध्ये प्रत्येकाचा आकडा प्रत्येकाच्या हातात देतो, झालं. गोल्डमध्ये सगळे चार्ट येतात, करेक्शन अनलिमिटेड, आणि आउटलायर काढणं फ्री. पण मग सगळा डेटा कमिटीकडे जातो. सुटा आकडा कोणाला देत नाही आम्ही."

आम्ही गोल्ड घेतलं. आरोग्याच्या बाबतीत काटकसर करणाऱ्यांतले आम्ही नाही.

पहिल्या बैठकीत साधा तक्ता मांडला गेला. फ्लॅट नंबर, नाव, आकडा. तो बघताक्षणी समितीच्या लक्षात आलं, की हा तक्ता कोणालाही वाचता येतो. उद्या एखादं गिऱ्हाईक फ्लॅट बघायला आलं आणि त्याने वाचला, तर? स्टेशन अजून यायचं आहे, भाव अजून चढायचे आहेत, आणि आमच्यातल्या निम्म्या लोकांनी घरं राहण्यासाठी नव्हे तर चढण्यासाठी घेतली आहेत. तक्ता फाडून टाकण्यात आला.

दुसरा आला खांबांचा आलेख. तो आमच्या बी विंगमधल्या यज्ञेशने केला. हा मुलगा ऐरोलीच्या एका कंपनीत दिवसभर असलेच चार्ट करतो आणि घरी येऊनही त्याचा हात थांबत नाही. प्रत्येक विंगला एक खांब. डीचा खांब पडद्याच्या वर, पंख्याला टेकायला निघालेला. मला वाटलं, डीवाले भांडतील. भांडले ते एवाले.

"आम्ही प्रीमियम विंगचे जादा पैसे भरलेत," ए विंगचे प्रतिनिधी म्हणाले, "आणि आमचा खांब सगळ्यांत बुटका?"

"अहो, ते पॉझिटिव्ह पेशंट आहेत," मी म्हणालो.

"ते आम्हाला कळतं. पण दिसायला कसं दिसतं ते बघा ना."

हा मुद्दा सादरीकरणाचा असल्याने समितीला तो मान्य करावा लागला. मग वर्तुळाचा आलेख झाला. त्यात डी विंगचा तुकडा एवढा मोठा आला, की बाकीच्या तिघी त्याच्या कोपऱ्यात अंग चोरून उभ्या. यज्ञेश म्हणाला, "काका, टेन्शन मत लो, थ्रीडी करतो." त्याने वर्तुळ आडवं कलतं केलं, डीचा तुकडा मागे ढकलला, एचा पुढे आणला. बघता बघता ए विंग फुगली आणि डी विंग क्षितिजावर गेली. शास्त्राने केवढी प्रगती केली आहे, हे अशा वेळी जाणवतं. पण कल्पेशला लाल रंग खटकला. मी मोतिया सुचवला. मोतिया रंगात तो आलेख केक दिसायला लागला, आणि समितीतल्या कोणीतरी वाढदिवस कोणाचा म्हणून विचारलं. तोही बाद झाला.

यानंतर यज्ञेशच्या हातून एक अक्षम्य चूक घडली. त्याने सोसायटीचा नकाशा घेतला आणि जिथे जिथे पॉझिटिव्ह तिथे तिथे ठिपका टाकला. पडद्यावर ते चित्र आलं. गुळाच्या ढेपेला मुंग्या लागाव्यात तसे सगळे ठिपके त्या खड्ड्याभोवती गोळा झाले होते. लांबच्या ए विंगमध्ये एखाददुसरा, बीमध्ये थोडे, सीमध्ये त्याहून जास्त, आणि डी विंग तर ठिपक्यांखाली दिसतच नव्हती. पहिलीतल्या पोरालाही कळावं इतकं ते स्पष्ट होतं.

कल्पेश घसा खाकरून म्हणाला, "सर, एक टेक्निकल गोष्ट. मंजूर नकाशात पूल 'प्रस्तावित' आहे. म्हणजे ऑफिशियली तो अजून नाहीच. जो नाहीच, त्याच्याभोवती ठिपके कसे?"

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी शांतपणे निर्णय दिला, "नकाशा हा आलेख नव्हे. नकाशा हा आरोप आहे." इतिवृत्तात हे वाक्य जसंच्या तसं घेतलं गेलं. यज्ञेशने माफी मागितली आणि ती फाइल आमच्यासमोर डिलीट केली.

शेवटी प्राचीच्या सल्ल्याने प्रत्येक माणसाचा एक ठिपका असलेला आलेख करायचं ठरलं. विंग नाही, खड्डा नाही, नाव नाही. फक्त आकडा मोठा तर ठिपका वर, आकडा लहान तर खाली. अत्यंत निःपक्षपाती रचना. अडचण एकच झाली. सगळे ठिपके खाली दाटीवाटीने बसलेले आणि एकच ठिपका एकटा वर, पार टोकाला. त्या एकासाठी आकड्यांची सगळी पट्टी ताणावी लागत होती. नाव लिहिलेलं नसलं तरी तो कोण हे सगळ्यांना ठाऊक होतं. डी विंगच्या तळमजल्यावरचा जनू भोईर, बायको सगुणाबाई. खड्डा त्यांच्या खिडकीला लागूनच आहे. जनू तेव्हा हॉस्पिटलात होता.

"हा आउटलायर आहे, सर," प्राची म्हणाली. "गोल्डमध्ये काढणं फ्री आहे."

"काढल्याने काय होतं?"

"बाकीचे छान दिसतात."

यज्ञेशने माउस दाबला. जनू गेला, पट्टी आखडली, उरलेले ठिपके समाधानाने पसरले. त्याच बैठकीत ठराव झाला, की यापुढे प्रत्येक फेरीत जे ठिपके इतरांपासून फार वर असतील ते सामाजिक सलोख्याच्या दृष्टीने वगळण्यात यावेत. सूचक मी होतो, अनुमोदन कल्पेशचं. कल्पेश समितीचा सदस्य नाही, पण चहा-वडे त्याच्याकडून होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी सगुणाबाई माझ्या दारात उभी. पदर खोचलेला, हातात मोबाइलवरच्या आलेखाची कुणाकडून तरी काढून आणलेली छापील प्रत.

"सायब, आमचे म्हाताऱ्याचा ठिपका कुठं हाय यात?"

मी तिला बसवलं. आउटलायर म्हणजे काय ते शांतपणे समजावलं. म्हणालो, "हे बघा, तो सगळ्यांच्या फार वर होता. एका परीने तो मानच आहे."

"मान हाय तं तुमचा काढा. त्याचा ठेवा."

"बाई, जनूभाऊ हॉस्पिटलात आहेत. तुम्ही त्यांच्याकडे बघायचं की कागदाकडे?"

"त्याच्याकरं बगायला मी रातदिस हाय," ती म्हणाली. "पन त्या कल्पेशकरं गेलू व्हतू. पानी काढ बोललू, तं तो बोलतो, चार्टात दाखव. चार्टात तुमी म्हाताऱ्याला ठेवला नाय. मंग मी काय दाखवू? जमीन आमची व्हती. सातबाऱ्यावरशी नाव गेला, बोललू नाय. आता तापाचे कागदावरशी पन काढता?"

मला वाईट वाटलं, खोटं कशाला सांगू. पण एका व्यक्तीच्या भावनेसाठी पट्टी ताणली, तर उद्या प्रत्येक जण आपापला ताप घेऊन येईल. मी तिला लेखी अर्ज द्यायला सांगितलं. स्वयंपाकघरातून माझी पत्नी कुमुदिनी म्हणाली, "अहो, घाला ना एक ठिपका. तुमचं काय जातं?" तिला मी संख्याशास्त्र समजावायला गेलो नाही. चाळीस वर्षांच्या संसारात काही विषय बाजूला ठेवावे लागतात.

इतकं करूनही टक्केवारी हवी तेवढी उतरली नव्हती. तपासलेल्यांपैकी किती आजारी, हा हिशेब काही केल्या बरा दिसेना. तेव्हा मी कारखान्यातला अनुभव कामाला लावला. आजारी कमी करणं आपल्या हातात नसेल, तर तपासलेले वाढवणं आपल्या हातात आहे. रविवारी महाशिबिर ठेवलं. प्रत्येक घराने आपापले निरोगी नातेवाईक आणायचे. माणसं उत्साहाने आली. माझा मेहुणा वांगणीहून दोन रिक्षा भरून घेऊन आला. शहाडहून कोणाचं तरी सगळं भजनी मंडळ आलं. धडधाकट, लालबुंद, एकाला साधी सर्दी नाही. क्लबहाउस अपुरं पडलं म्हणून मोकळ्या जागेत मांडव घातला. मोकळी जागा एकच होती, पुलाच्या काठची. संध्याकाळपर्यंत मंडळी तिथे नंबरची वाट बघत, अंगावर फटाफट थापट्या मारत, वडे खात बसली होती.

टक्केवारी धाडकन उतरली. आलेख पहिल्यांदाच संपूर्ण हिरव्या पट्ट्यात आला. कल्पेशने तो बॅनर करून गेटवर लावला. 'श्रीफल रेसिडेन्सी, निरोगी जीवनाकडे.' सोसायटीच्या ग्रुपवर अंगठ्यांचा पाऊस पडला. पंपाचा प्रश्न निकालात निघाला, कारण चार्टमध्ये काही दिसत नव्हतं. सगुणाबाईचा अर्ज योग्य नमुन्यात नसल्याने परत गेला.

आठवडा जातो न जातो तोच वांगणीहून फोन आला. मेहुण्याला ताप होता. मग शहाडहून आला. भजनी मंडळात टाळ वाजवायला कोणी उरलं नव्हतं. समितीने तातडीने बैठक घेऊन हे सर्व 'बाह्य नमुने' ठरवले. रक्त देताना ते आमचे होते, तापताना ते पाहुणे होते. दुसऱ्या फेरीच्या तपासणीत मी स्वतःही रक्त दिलं, अध्यक्षाने आदर्श घालून द्यावा म्हणून. दोन दिवसांनी माझं अंग मोडून आलं. डोळ्यांच्या मागे कोणीतरी खुंटी ठोकत असल्यासारखं दुखायला लागलं.

"डेंग्यू असेल," मी अंथरुणातून म्हणालो.

कुमुदिनीने मोबाइल उघडला. दुसऱ्या फेरीचा कच्चा आलेख यज्ञेशने समितीसाठी टाकला होता. तिने चष्मा लावून नीट पाहिला. "छे, तुम्हाला काहीच झालेलं नाही. सगळं हिरवं आहे. उठा आणि दूध घेऊन या."

मी यज्ञेशला फोन लावला. "अरे, माझा आकडा किती आला?"

"काका," तो म्हणाला, "आप का तो सब से ऊपर था. रूलप्रमाणे काढला मी. तुमचाच ठराव आहे ना."

"काढलास ते बरोबर केलंस. पण मला सांग तरी."

"गोल्डमध्ये सुटा आकडा देत नाहीत, काका. प्राचीला विचारलं मी. सॉरी."

ठरावाची अंमलबजावणी इतकी चोख झाल्याचं पाहून अध्यक्ष म्हणून मला समाधान वाटलं. माणूस म्हणून मला उलटी झाली.

उल्हासनगरच्या हॉस्पिटलात डॉक्टरांनी रिपोर्ट मागितला. कुमुदिनीने आलेख पुढे केला. डॉक्टरांनी तो उभा धरून पाहिला, आडवा धरून पाहिला. "सुंदर आहे. यात पेशंट कुठे आहेत?"

"यात नाहीत ते," कुमुदिनी म्हणाली. "हे त्यांनीच केलंय."

मला भरती करून घेतलं आणि पुन्हा रक्त काढलं. वॉर्डात खाटेवर टेकतो तोच शेजारून आवाज आला.

"आलाव सायब? मना वाटला तुमी चार्टात ऱ्हावाल."

जनू होता. अर्धा झाला होता, पण हसत होता. त्याच्या पलीकडे माझा मेहुणा. समोरच्या रांगेत भजनी मंडळाचे दोघे, ए विंगचे ते प्रीमियमवाले प्रतिनिधी. कोपऱ्यात भिंतीकडे तोंड करून एक जण पडला होता, तो कल्पेश निघाला. मांडवाची देखरेख त्याने स्वतः उभं राहून केली होती. आम्ही वगळलेले सगळे ठिपके इथे ओळीने खाटांवर होते.

"कल्पेश, पंपाचं काय?" मी विचारलं.

"चार्टमध्ये दिसायला पाहिजे ना, सर," तो भिंतीशीच बोलला. माणूस शब्दाचा पक्का आहे.

प्रत्येकाच्या खाटेला पायाशी एक कागद अडकवलेला होता. त्यावर सिस्टर येऊन तापाची रेघ ओढायची. चढला की वर, उतरला की खाली. कुठलीही समिती नाही, ठराव नाही. माझी रेघ फारच उभी चढली होती. मी सिस्टरला म्हणालो, "पट्टी जरा मोठी घेतलीत तर इतकी उंच नाही दिसणार." तिने माझ्या तोंडात थर्मामीटर खुपसला.

संध्याकाळी वॉर्डातले सगळे मोबाइल एकदम वाजले. दुसऱ्या फेरीचा अंतिम आलेख ग्रुपवर आला होता. एकसारखा हिरवा, एकही ठिपका रेषेबाहेर नाही. खाली लिहिलं होतं, 'आपली सोसायटी डेंग्यूमुक्त झाली आहे. हरकत नसल्यास अंगठा द्यावा.'

सगुणाबाई जनूसाठी मोसंबी सोलत होती. तिने विचारलं, "आला काय यात आमचा म्हातारा?"

"नाही," मी म्हणालो. "या वेळी मीसुद्धा नाही."

तिने माझ्याकडे पाहिलं. मग हातातल्या फोडी दोन भागांत केल्या, एक भाग जनूच्या हातावर ठेवला आणि एक माझ्या. मी चष्मा काढून पुसला. मोसंबी आंबट होती, असं मी कुमुदिनीला नंतर सांगितलं.

आणि मग मी अंगठा दिला. मेहुण्याने दिला, कल्पेशने पडल्या पडल्या दिला, प्रीमियमवाल्यांनी तर दोनदा दिला. आलेखच इतका नीटनेटका होता, की हरकत घ्यायला जागा नव्हती.

वाचकहो, तुम्ही हसत असाल तर हसा. पण आज सकाळी तुमच्याही कुठल्यातरी ग्रुपवर एक हिरवा आलेख आला होता, आणि तुम्ही तो न उघडताच अंगठा दिला होता. त्याबद्दल उपसमिती आपली आभारी आहे. सवड झाली, की तो एकदा उघडा आणि त्यात स्वतःचा ठिपका शोधा. सापडला नाही तर घाबरू नका. उद्या जनूला घरी सोडणार आहेत, माझ्या शेजारची खाट रिकामी होतेय.